वीज दूर गेली, राख मागे राहिली

अर्थसंकल्पाचे दिवस जवळ आले म्हणजे मंत्रालयात आणि विधानभवनात 'अनुशेष' ह्या एका शब्दाला अकस्मात मोठे मोल येते. एरवी वर्षभर त्याची वास्तपुस्त करण्यास कोणास सवड नसते. पण विनियोजन विधेयकाची चाहूल लागली की विदर्भातील आमदार पायऱ्यांवर फलक घेऊन बसतात, मराठवाड्यातील सदस्य आकडे वाचून दाखवितात, कोकणातील सदस्य 'आमच्याकडे कोणी पाहते काय?' असा सवाल टाकतात, आणि समतोल विकासास शासन वचनबद्ध असल्याचे आश्वासन पुनः एकवार इतिवृत्तात नोंदले जाते. पुढे मार्चअखेरीस कोषागारांच्या दाराशी देयकांची गर्दी उसळते. काही निधी घाईघाईने खर्ची पडतो, काही परत जातो, आणि एप्रिल उजाडताच तो शब्द पुढच्या फाल्गुनापर्यंत फडताळात जाऊन पडतो. हा क्रम आता आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, त्यात काही वावगे आहे असेही कोणास वाटेनासे झाले आहे.

ह्या साऱ्या वादात एक गोष्ट आम्हांस सतत खटकत आली आहे. ती अशी की, राज्य हे देणारे आणि मागासलेला विभाग हा मागणारा, असे गृहीत धरूनच दोन्ही पक्ष बोलत असतात. फरक पडतो तो केवळ आवाजाच्या पट्टीत. मागणारा अधिक मागतो, देणारा हात आखडता घेतो. परंतु त्या विभागाने राज्याला आजवर काय दिले, आणि जे दिले त्याची किंमत कोणत्या खातेवहीत जमा धरली, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. तो विचारण्यास विजेइतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही. आणि विजेचा उपभोग घेणारे आम्ही शहरवासी असल्यामुळे तो प्रश्न आम्हीच विचारणे अधिक उचित होय.

चंद्रपूरपासून कल्याणजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची एक विद्युतवाहिनी गेलेली आहे. १९९९ मध्ये ती कार्यान्वित झाली. ५०० किलोव्होल्ट दाबाच्या दिष्ट प्रवाहाने १,५०० मेगावॅट वीज विदर्भातून उचलून थेट पश्चिम किनाऱ्याच्या वेशीवर आणून सोडण्याची तिची क्षमता आहे. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे काम नामी झाले, ह्याबद्दल दुमत नाही. कोळसा आगगाडीने शेकडो मैल ओढत आणावा, त्यापेक्षा तो खाणीच्या तोंडाशी जाळावा आणि वीज तारेवरून न्यावी, हा हिशेबही चोख आहे. मात्र दिष्ट प्रवाहाच्या अशा वाहिनीला वाटेत फांदी फुटत नाही. एका टोकाला ती भरावयाची आणि दुसऱ्या टोकाला रिती करावयाची. मधल्या गावांच्या शिवारातून तिचे मनोरे उभे असले, तरी त्या गावांना तिच्यातून एक दिवाही लावून घेता येत नाही. विदर्भाच्या आणि उर्वरित महाराष्ट्राच्या आर्थिक संबंधाचे एखादे चित्र कोणास काढावयाचे असेल, तर त्याने ह्या वाहिनीचा नकाशा समोर ठेवावा.

आता ह्या वाहिनीच्या पूर्वेकडील टोकाला काय आहे ते पाहू. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. नागपूरजवळ कोराडीला ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच आहेत. शेजारच्या खापरखेड्याची क्षमता १,३४० मेगावॅट आहे. तिरोड्याला खाजगी क्षेत्रातील ३,३०० मेगावॅटचे केंद्र आहे, मौद्याला केंद्र सरकारच्या कंपनीचे २,३२० मेगावॅटचे आहे, आणि अमरावतीजवळ नांदगावपेठेला आणखी १,३५० मेगावॅटचे आहे. महानिर्मिती कंपनीच्या कोळशावरील क्षमतेचा निम्म्याहून बराच मोठा भाग एकट्या विदर्भात उभा आहे. हे असे का झाले, ह्याचे उत्तर सरळ आहे. कोळसा तेथे आहे, पाणी तेथे मिळाले, आणि जमीन स्वस्त होती. अर्थात ज्यांची जमीन गेली त्यांना ती स्वस्त वाटली असेल काय, हे विचारण्यास त्या वेळी कोणी थांबले नाही.

भारतीय कोळशात शेकडा ३० ते ४० भाग राखच असते. म्हणजे खाणीतून निघालेल्या दर तीन वाघिणींपैकी एक वाघीण अखेर राख होऊन त्याच जिल्ह्यात राहावयाची. तार वीज घेऊन जाते. राख नेणारी तार अद्याप कोणी शोधून काढलेली नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांची प्रदूषणाच्या मानाने क्रमवारी लावली, तेव्हा अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद ह्यांच्या खालोखाल चंद्रपूरचा क्रमांक लागला. ज्या इरई धरणाच्या पाण्यावर केंद्राचे संच थंड राहतात, त्याच धरणावर चंद्रपूर शहराची तहान भागते. कोराडीच्या बाजूला २०२२ च्या जुलैमध्ये खसाळ्याच्या राख-तलावाचा बांध फुटला आणि राखेचा गाळ ओढ्यानाल्यांत आणि शेतांत शिरला. पावसाळा मोठा होता, हे खरे. पण पावसाळा मोठा असतो हे विदर्भाला नवीन नाही, आणि बांध बांधणारांनाही नसावे. ह्या गोष्टी सांगण्यात आमचा हेतू कोणावर गुन्हा दाखल करण्याचा नाही. वीज निर्माण करणे हे राष्ट्रीय कार्य आहे आणि कोळशावाचून ते आजवर भागले नसते. परंतु राष्ट्रीय कार्याचा खर्च एका विभागाच्या फुप्फुसांवर आणि विहिरींवर टाकावा आणि लाभ दुसऱ्याने घ्यावा, ह्याला समतोल विकास म्हणत नाहीत.

ह्या विभागाशी महाराष्ट्राने काही करार केलेला आहे, हे नव्या पिढीच्या वाचकांस सांगणे आवश्यक झाले आहे. २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करारावर सह्या झाल्या. तिन्ही विभागांवर होणारा खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावा आणि मराठवाड्याकडे विशेष लक्ष पुरविले जावे, असे त्यात मान्य करण्यात आले. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र ह्यांसाठी स्वतंत्र विकास मंडळांची, निधीच्या न्याय्य वाटपाची आणि राज्यपालांच्या विशेष जबाबदारीची तरतूद झाली. म्हणजे नागपूर कराराचे आश्वासन घटनेच्या पोटात शिरले. पण मंडळे स्थापन होण्यास १९९४ साल उजाडावे लागले. अडतीस वर्षे एक घटनात्मक तरतूद कागदावर निजून राहिली, आणि ह्या काळात वसंतराव नाईक ह्यांच्यासारखे विदर्भाचे सुपुत्र अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्रिपदी होते, हेही आम्ही येथे नमूद करतो. खुर्चीवर कोण बसले आहे एवढ्यावरून विभागाचे भाग्य उजळत नाही, हा त्यातला धडा आहे. तो दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मध्यंतरी प्राध्यापक वि. म. दांडेकर ह्यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला. अनुशेष ह्या शब्दाला नेमका अर्थ आला तो ह्या अहवालामुळे. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास आणि पशुवैद्यकीय सेवा अशी नऊ क्षेत्रे समितीने घेतली. प्रत्येकाची राज्य सरासरी काढली. ज्या जिल्ह्यात त्या सरासरीहून कमी काम झाले होते, तेथली तूट भरून काढण्यास किती पैसा लागेल ते मोजले. एकूण आकडा निघाला ३,१८६ कोटी ७८ लक्ष रुपयांचा. त्यात विदर्भाचा वाटा १,२४६ कोटी ५५ लक्षांचा, मराठवाड्याचा ७५० कोटी ८५ लक्षांचा आणि उर्वरित महाराष्ट्राचा १,१८९ कोटी ३८ लक्षांचा होता. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ ची स्थिती धरून पुन्हा मोजमाप केले, तेव्हा तोच आकडा १४,००६ कोटी ७७ लक्षांवर गेला आणि त्यातला जवळजवळ निम्मा, म्हणजे ६,६२४ कोटींचा भाग, एकट्या विदर्भाचा निघाला. कर्ज फेडता फेडता मुद्दल वाढत जावे, असा हा अजब व्यवहार झाला.

दांडेकरांचे मोजमाप प्रामाणिक आणि शास्त्रशुद्ध होते, हे कबूल करूनही आम्ही असे म्हणतो की, ते एकाच बाजूचे होते. किती गावांत वीज पोचली आणि किती पंपांना जोडणी मिळाली, हे त्यात मोजले गेले. किती वीज जिल्ह्याबाहेर गेली, किती कोळसा उपसला गेला, किती जमीन राखेखाली आली, हे मोजण्याचे काम समितीकडे सोपविलेलेच नव्हते. परिणामी अहवालात वीजनिर्मितीचा जिल्हा हा केवळ घेणेकरी म्हणून दिसतो, आणि ज्याला घेणेकरी म्हणून एकदा नोंदविले त्याच्याकडे याचक म्हणून पाहण्यास वेळ लागत नाही.

बरे, त्या एका बाजूच्या हिशेबाचे तरी पुढे काय झाले? नियोजन आयोग २०१४ अखेरपर्यंतच टिकला; त्यानंतर योजनांतर्गत आणि योजनेतर खर्च हा भेदही २०१७-१८ च्या अर्थसंकल्पापासून पुसला गेला. अनुशेषाचे सारे वाटप योजनांतर्गत खर्चाच्या पायावर उभे होते. पाया काढून घेतल्यावर भिंत उभी राहील अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे होते. डॉ. विजय केळकर ह्यांच्या समितीने २०१३ मध्ये नवी दिशा सुचविणारा अहवाल दिला. त्यावर परिसंवाद पुष्कळ झाले. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि वाढविण्यात आली नाही. २०२२ च्या सप्टेंबरात मंत्रिमंडळाने ती पुन्हा स्थापण्याचा ठराव केला. ठराव करण्यास पैसा लागत नाही, म्हणून असे ठराव आपल्याकडे चटकन होतात.

दरम्यान पैसा थांबलेला नाही. तो दुसऱ्या वाटेने वाहू लागला आहे, आणि ही गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना विनामूल्य वीज देण्याची योजना राज्याने जाहीर केली. सुमारे ४४ लक्ष शेतकऱ्यांना तिचा लाभ होईल आणि त्यासाठी वर्षाला १४,७६० कोटी रुपये लागतील, असे सांगण्यात आले. शेतकऱ्याला सवलत देण्यास आमचा विरोध नाही. शेतीचे गणित कसे चालते हे ज्यांना ठाऊक आहे ते त्यावर नाक मुरडणार नाहीत. पण क्षणभर ह्या रकमेचा प्रादेशिक अर्थ पाहा. जेथे विहिरी आणि पंप अधिक, तेथे हा पैसा आपोआप अधिक जाणार. सोलापूर, अहिल्यानगर, नाशिक, पुणे हे जिल्हे पंपांच्या संख्येत फार पुढे आहेत. ज्याच्या शेतात पंप आहे त्याची वीज फुकट झाली. ज्याच्या शेतात पंप नाही, आणि तो नाही म्हणूनच जो अनुशेषाच्या तक्त्यात बसला, त्या कोरडवाहू कापूसवाल्याच्या पदरात काय पडले? दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याचा एकूण अनुशेष जितका मोजला, त्याच्या साडेचार पटींहून अधिक रक्कम एका वर्षात एका सवलतीवर जाते. रुपयाची किंमत मधल्या काळात पुष्कळ उतरली, हे मान्य. तरीही विभागवार न्याय्य वाटपाचा नियम ह्या रकमेला लागू होत नाही, कारण ती 'विकासखर्च' नाही, ती सवलत आहे. अनुशेषाची चाळणी धरून बसलेल्यांनी धान्य कोणत्या दाराने बाहेर गेले हे पाहिलेच नाही.

उद्योगांच्या बाबतीत थोडा विचार झाला होता. विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्रातील उद्योगांना विजेच्या दरात सवलत देण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. हेतू उत्तम होता. खाणीपाशी तयार होणारी वीज खाणीपाशी स्वस्त मिळाली तर कारखाने तिकडे सरकतील, ही अपेक्षा चुकीची नव्हती. परंतु सवलत वापरलेल्या युनिटांवर मोजली, म्हणजे जो अधिक वीज खातो त्यालाच अधिक सवलत मिळणार, हे उघड होते. मोजक्या मोठ्या पोलाद कारखान्यांनीच तिचा मोठा भाग पदरात पाडून घेतल्याची तक्रार पुढे झाली. छोट्या तेलघाणीवाल्यास आणि जिनिंगवाल्यास त्यात काय मिळाले, हे त्यांनाच विचारावे.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो आमच्याच वाचकांपैकी पुष्कळांच्या मनात असेल. राज्याच्या महसुलाचा मोठा भाग मुंबई-पुण्याच्या पट्ट्यातून येतो. मग त्या पट्ट्याने आणखी किती द्यावे? आणि दिलेल्या पैशाचे होते काय? गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. ३७२ कोटींचा प्रकल्प वाढत वाढत १८,००० कोटींच्या पलीकडे गेला. एवढ्या पैशात कोणाची शेते भिजली आणि कोणाचे वाडे, ही विचारणा विदर्भातूनच होत असते. ह्या आक्षेपाचा दुसरा भाग आम्हांस पूर्णतः मान्य आहे. निधी मंजूर होणे आणि काम होणे ह्यांत महाराष्ट्रात जेवढे अंतर आहे, तेवढे चंद्रपूर आणि पडघे ह्यांत नाही. पण पहिला भाग आम्हांस मान्य नाही. महसूल ज्या गिरण्यांतून, कारखान्यांतून आणि कार्यालयांतून गोळा होतो, ती विजेवर चालतात. विजेचा दर ठरविताना कोळशाची किंमत धरली जाते, रेल्वेचे भाडे धरले जाते, कर्जावरचे व्याज धरले जाते, भांडवलावरचा परतावा धरला जातो. इरईच्या पाण्याची, राखेखालच्या जमिनीची आणि खोकल्याची किंमत धरली जात नाही. म्हणजे आपली वीज जेवढी स्वस्त आहे, त्यातला काही भाग चंद्रपूरने आपल्याला दिलेली न मागितलेली सवलत आहे.

हे केवळ विदर्भाचेच गाऱ्हाणे आहे, असे मात्र कोणी समजू नये. ह्या बाबतीत पश्चिम महाराष्ट्राचा अनुभवही काही वेगळा नाही. मुळशीच्या धरणासाठी टाटांनी खोरे घेतले तेव्हा, १९२१ पासून, सेनापती बापटांनी तेथल्या मावळ्यांचा सत्याग्रह चालविला. ती वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. कोयनेच्या सर्व टप्प्यांची मिळून क्षमता १,९०० मेगावॅटांहून अधिक आहे. साऱ्या महाराष्ट्राने कोयनेला भाग्यलक्ष्मी म्हटले. त्या लक्ष्मीसाठी ज्यांनी घरदार सोडले, त्या साताऱ्याच्या खोऱ्यातील कुटुंबांच्या पुनर्वसनाच्या मागण्या धरणाला अर्धशतक उलटून गेले तरी पुढे येतच राहिल्या. वीज देणाऱ्या गावाला विसरणे ही आपली जुनी सवय आहे. त्यात पूर्व-पश्चिम असा पक्षपात आपण केलेला नाही.

पाण्याच्या विजेबाबत मात्र देशाने एक तत्त्व मान्य केलेले आहे, आणि तेथेच आमच्या मागणीचा आधार आहे. केंद्रीय क्षेत्रातील जलविद्युत प्रकल्पांतून यजमान राज्याला १२ टक्के वीज विनामूल्य मिळते. २००८ च्या जलविद्युत धोरणाने आणखी १ टक्का वीज प्रकल्पाच्या स्थानिक क्षेत्राच्या विकासनिधीसाठी राखून ठेवली. नदी ज्यांची अडविली त्यांचा विजेवर काही हक्क आहे, असे हिमाचलच्या खोऱ्याबाबत मान्य झाले. मग कोळसा ज्यांच्या पायाखालून काढला आणि राख ज्यांच्या डोक्यावर टाकली, त्यांचा हक्क कोठे गेला? खाणींबाबत २०१५ च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने निर्माण झाली, आणि जुन्या पट्ट्यांवरील स्वामित्वधनाच्या ३० टक्क्यांइतकी जादा रक्कम त्यांत जमा होऊ लागली, हे चांगले झाले. पण तो पैसा कोळसा खणण्याबद्दलचा आहे. तो जाळण्याबद्दल काहीच नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे की, महाराष्ट्रात कोळशावर तयार होणाऱ्या प्रत्येक युनिटावर ५ पैसे इतका निर्मितीक्षेत्र निधी कायद्याने बसवावा. चंद्रपूरचे केंद्र वर्षभर क्षमतेच्या ६० टक्के चालले असे धरले, तरी सुमारे १,५३५ कोटी युनिटे होतात. ५ पैशांच्या हिशेबाने पाऊणशे कोटींच्या वर रक्कम दरवर्षी उभी राहते. शहरातील जे मध्यमवर्गीय कुटुंब महिन्याला २०० युनिटे जाळते, त्याच्या देयकात ह्यामुळे फार तर १० रुपयांची भर पडेल. एका चहाच्या किमतीपेक्षा हे अधिक नाही. हा निधी मार्चअखेरीस व्यपगत होता कामा नये. तो त्या केंद्राभोवतीच्या ठराविक गावांपुरताच खर्च व्हावा. आणि त्याचा हिशेब ग्रामसभेपुढे वाचला जावा. मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटनाचे फलक त्यातून करता येणार नाहीत, अशी एक अट आम्ही मुद्दाम सुचवितो. जिल्ह्याजिल्ह्यांतील खनिज निधीतून सभागृहे, कमानी आणि सुशोभीकरण किती झाले, हे पाहिल्यानंतर ही अट अनाठायी वाटणार नाही.

हा निधी आताच हवा, ह्याला आणखी एक कारण आहे. कोळशाचे दिवस अनंत नाहीत. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट भारताने २०२१ मध्ये ग्लासगो येथे जाहीर केले. चंद्रपूरचे २१० मेगावॅटचे पहिले दोन संच निवृत्त झाले. कोराडीचे जुने संचही बंद झाले. त्याच वेळी कोराडीला ६६० मेगावॅटचे दोन नवे संच बसविण्याचा घाट घातला गेला आणि २०२३ च्या मे महिन्यात त्याची जनसुनावणी झाली. म्हणजे कोळसा जाणार असे जगाला सांगावयाचे आणि येणार असे नागपूरला सांगावयाचे, अशी दुहेरी वाणी चालू आहे. केव्हा ना केव्हा हे संच थंड होणारच. त्या दिवशी काय होते ह्याची चुणूक परळीकरांनी पाहिलेली आहे. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी तेथले केंद्र बंद ठेवावे लागले, तेव्हा कंत्राटी मजुरापासून चहाच्या टपरीपर्यंत सर्वांच्या चुली त्या धुराड्याबरोबर थंडावल्या. ती बंदी तात्पुरती होती. पुढची तात्पुरती नसेल.

जर्मनीने २०२० मध्ये कोळसा सोडण्याचा कायदा केला, तेव्हा त्याच्या जोडीला दुसरा कायदा केला. लौसित्स, ऱ्हाइनलँड आणि मध्य जर्मनीतील कोळसापट्ट्यांच्या पुनर्रचनेसाठी २०३८ पर्यंत ४० अब्ज युरोपर्यंत रक्कम देण्याचे त्यात ठरले. तेथेही तो पैसा कसा वापरला जातो ह्यावर टीका होते. पैसा असेल तेथे टीका असावीच. पण खाण बंद करण्यापूर्वी खाणकामगाराच्या मुलाने पुढे काय करावे, ह्याची तरतूद त्यांनी कायद्यात लिहिली. आपण आपल्या कोळसापट्ट्यासाठी असे एक पानही लिहिलेले नाही.

सौरऊर्जा ही पोकळी भरून काढील, असे सांगितले जाते. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात १६,००० मेगावॅटचे लक्ष्य ठेवले गेले. रात्रीच्या पाळीत विंचूसापांच्या सोबतीने पिकाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्यास दिवसा वीज मिळणे, हे आमच्या मते गेल्या कित्येक वर्षांतील सर्वांत शहाणपणाचे धोरण होय. जमीन देणाऱ्याला वर्षाला हेक्टरी सव्वा लक्ष रुपये भाडे मिळते, हेही चांगले. जमीन विकत न घेता भाड्याने घेतल्यामुळे मालकी शेतकऱ्याकडेच राहते, आणि कोराडी-चंद्रपूरच्या काळात हे कोणास सुचले नव्हते. परंतु भाडे मिळते ते जमीनवाल्याला. औष्णिक केंद्राच्या फाटकापाशी ज्यांची उपजीविका चालते त्यांच्यातील बहुसंख्य भूमिहीन आहेत. सौरपट्ट्या एकदा बसविल्या, की त्यांना पुसण्यास आणि राखण्यास मोजकी माणसे पुरतात. तेव्हा कोळशाचा कामगार सूर्याकडे पाहून पोट भरील, हे गृहीत धरता येत नाही. त्याच्यासाठी शिक्षण, नवे कारखाने आणि तोवरचा निर्वाह ह्यांची वेगळी तरतूद लागेल. आणि ती ज्या निधीतून व्हावयाची तो निधी संच चालू असतानाच जमा व्हावयास हवा. संच बंद पडल्यावर युनिटही नाही आणि पैसाही नाही.

विधिमंडळाच्या पुढील अधिवेशनात ऊर्जा खात्याच्या मागण्या येतील, तेव्हा विदर्भाच्याच नव्हे, तर मुंबई, ठाणे आणि पुण्याच्या आमदारांनीही सरकारला तीन गोष्टी विचाराव्यात. विकास मंडळांच्या २०२२ च्या ठरावाचे पुढे काय झाले? वीजसवलतींची जिल्हावार रक्कम अर्थसंकल्पाच्या पुस्तकात छापण्यास अडचण कोणती? आणि राज्यातील कोणता औष्णिक संच कोणत्या साली बंद होणार, व त्याच्या फाटकाबाहेरील माणसांसाठी आज किती रुपये बाजूला ठेवलेले आहेत? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात शून्य हा आकडा येईल, अशी आमची अटकळ आहे. तो सभागृहाच्या पटलावर एकदा ठेवला जावा.